अणूचे पुस्तक आणि सरकारची यादी

१/
मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका माणसाने १९६४ च्या सुमारास अणूविषयी मराठीत एक पुस्तक लिहिले. महाराष्ट्र सरकारने त्याचे हस्तलिखित तुरुंगाबाहेर जाऊ दिले नाही. पुस्तकातील एकाही ओळीवर सरकारचा आक्षेप नव्हता. स्थानबद्धाला काय काय करता येईल, हे नियमांत नमूद आहे आणि पुस्तक प्रसिद्ध करणे त्यात नाही, एवढेच सरकारचे म्हणणे होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वातंत्र्य ही सरकारने वाटायची वस्तू आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असा आहे. #धागा #संविधान

२/
लेखकाचे नाव प्रभाकर पांडुरंग संझगिरी. कामगार चळवळीतील मार्क्सवादी कार्यकर्ते आणि मराठीतील लेखक. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. सीमेवरील लढाई महिन्याभरात थांबली. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. या काळात भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना खटल्याविना डांबण्यात आले. संझगिरी त्यांपैकी एक. त्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

३/
पुस्तकाचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय निखळ भौतिकशास्त्राचा. ते लिहिले गेले तेही सरकारच्या परवानगीने. सप्टेंबर १९६४ मध्ये संझगिरी यांनी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची अनुमती मागितली. सरकारने मार्च १९६५ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी, नकार कळवला. तुरुंगाच्या अधीक्षकांकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. तेव्हा त्यांनी उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. मागणी सुटकेची नव्हती. कागदांचे एक बाड बाहेर जाऊ द्यावे, एवढीच होती.

४/
हे सारे कोणत्या भूमीवर घडत होते, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिले. राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना सहा वर्षांची शिक्षा देणाऱ्या परकीय सत्तेने ते हस्तलिखित काही काळ अडकवून ठेवले, पण अखेर परत केले. १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले ते अहमदनगरच्या किल्ल्यात, बंदिवासात.

५/
तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथांवर ज्या प्रदेशाचे मन घडले, त्याच प्रदेशाच्या स्वकीय सरकारला अणूरेणूंची ओळख करून देणारे एक पुस्तक अडवावेसे वाटले. त्यासाठी दिलेले कारण नकारापेक्षाही गंभीर होते. पुस्तकाने देशाच्या संरक्षणास बाध येईल, असे सरकारने न्यायालयात म्हटलेच नाही. त्याचा युक्तिवाद एवढाच होता की स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू देण्याचे कोणतेही बंधन कायद्याने सरकारवर घातलेले नाही.

६/
युक्तिवादाचा आधार होता मुंबई राज्याचा १९५१ चा स्थानबद्धतेच्या अटींविषयीचा आदेश. स्थानबद्धाने किती पत्रे लिहावीत, कोणास भेटावे, वर्तमानपत्रे कशी मिळवावीत, याचे नियम त्यात होते. सरकारने त्याचा अर्थ असा लावला की स्थानबद्धाला हक्क आहेत ते एवढेच. यादीत पत्र आहे, म्हणून पत्र लिहिता येईल. यादीत पुस्तक नाही, म्हणून पुस्तक नाही. जे लिहिलेले नाही ते वर्ज्य, अशी ही विचारसरणी.

७/
मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका पाहता ते शास्त्रीय स्वरूपाचे आहे हे न्यायालयाला दिसले. १९५१ च्या आदेशात पुस्तक लिहिण्यास वा ते प्रकाशनासाठी पाठवण्यास मनाई करणारी एकही अट नाही, हेही दिसले. हस्तलिखित लेखकाच्या पत्नीकडे पाठवू द्यावे, असा आदेश झाला. सरकारने येथे थांबावयास हवे होते. ते अपील घेऊन दिल्लीला गेले. एका विज्ञानपुस्तकाविरुद्ध राज्याची सारी विधियंत्रणा उभी राहिली.

८/
सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये ते अपील फेटाळले. निकाल न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांचा. सरकारच्या युक्तिवादाला त्यांनी दिलेले उत्तर अत्यंत साधे आहे. हा युक्तिवाद खरा मानला, तर स्थानबद्धाला अन्न द्यावे अशी अट आदेशात नसल्यास त्याला उपाशी मारणेही सरकारला मोकळे होईल! नियमांतील अटी म्हणजे स्थानबद्धाला बहाल केलेल्या सवलती नव्हेत. त्याचे स्वातंत्र्य कोठवर आकुंचित करता येईल, याच्या त्या मर्यादा आहेत. ज्या गोष्टीवर बंदी घातलेलीच नाही, ती त्याची त्याच्यापाशीच राहते.

९/
या तर्काची उलटापालट समजून घेतली पाहिजे. सरकारच्या मते कोऱ्या कागदाचा अर्थ ‘मनाई’. न्यायालयाच्या मते कोऱ्या कागदाचा अर्थ ‘मोकळीक’. पहिल्या अर्थात नागरिकाने दर वेळी आपला हक्क कोठे लिहिला आहे ते दाखवायचे. दुसऱ्या अर्थात सरकारने आपला अधिकार कोठे लिहिला आहे ते दाखवायचे. पुरावा कोणी द्यायचा, या एका प्रश्नावर प्रजा आणि नागरिक यांच्यातील सारे अंतर अवलंबून असते.

१०/
सरकारपाशी आणखी एक ढाल होती. राज्यघटनेच्या कलम ३५९ खाली राष्ट्रपतींनी नोव्हेंबर १९६२ मध्ये आदेश काढून काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट स्थानबद्धांपुरती बंद केली होती. न्यायालयाने तो आदेश बारकाईने वाचला. भारत संरक्षण कायदा वा त्याखालील नियम यांनुसार स्वातंत्र्य हिरावले गेले असेल, तरच ही आडकाठी लागू होती. येथे तर नियमांत मनाईच नव्हती. नियमाबाहेर जाऊन केलेल्या कृतीला नियमाचे कवच कसे मिळणार?

११/
निकालाचा महिना ध्यानात घ्यावा. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात उघड युद्ध चालू होते. ‘देश संकटात असताना हक्कांची चर्चा कसली?’ हा प्रश्न विचारण्यास त्याहून अनुकूल काळ सापडणे कठीण. त्याच महिन्यात देशाचे सर्वोच्च न्यायालय एका डाव्या स्थानबद्धाच्या हस्तलिखितासाठी सरकारला कायद्याचे पान दाखव म्हणत होते. राष्ट्र त्यामुळे दुबळे झाल्याची नोंद इतिहासात नाही.

१२/
यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: स्वातंत्र्य अमर्याद नसते. हे सर्वस्वी खरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हेच ठामपणे मांडले होते. मूलभूत हक्कांना अपवाद जोडल्याबद्दल मसुद्यावर टीका होत होती. अमेरिकेतही हे हक्क निरपवाद नाहीत, हे त्यांनी तेथील न्यायनिर्णयांचा दाखला देऊन दाखवले. पण मर्यादा असतात हे मान्य केल्याने, कोणतीही मर्यादा कोणीही घालावी हे मान्य होत नाही. येथेच अनेकांची गल्लत होते.

१३/
राज्यघटनेतही एक यादी आहे; मात्र ती सरकारसाठी आहे. कलम १९ च्या पहिल्या खंडात भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य, व्यवसाय ही स्वातंत्र्ये दिली आहेत. पुढच्या खंडांत ती कोणत्या कारणांसाठी मर्यादित करता येतील, ती कारणे मोजून दिली आहेत. त्या यादीत नसलेले कारण सरकारला वापरता येत नाही. संझगिरी प्रकरणात सरकार नागरिकाला यादी दाखवत होते. घटनाकारांनी यादी लिहिली होती ती सरकारच्या हातात देण्यासाठी.

१४/
ही यादी सरकारला बांधते, हे घटना अंमलात आल्यावर चार महिन्यांतच सिद्ध झाले. रोमेश थापर यांचे ‘क्रॉस रोड्स’ हे इंग्रजी साप्ताहिक मुंबईत छापले जात असे. मद्रास सरकारने मार्च १९५० मध्ये त्याला आपल्या प्रांतात प्रवेशबंदी केली. कारण दिले सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्थेचे. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. मूळ कलम १९(२) मध्ये राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या मजकुराचा उल्लेख होता. ‘सुव्यवस्था’ हे कारण नव्हते. यादीत नाही, म्हणून बंदी नाही.

१५/
सरकारने काय केले? यादीच वाढवली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ आणि ‘गुन्ह्यास चिथावणी’ ही तीन कारणे जोडली. नव्या प्रजासत्ताकाला अवघे दीड वर्ष झाले असताना भाषणस्वातंत्र्याभोवतीचे कुंपण आत सरकले. मात्र त्याच दुरुस्तीने कलम १९(२) मध्ये एक शब्दही आणला, जो तेथे आधी नव्हता: ‘वाजवी’. निर्बंध वाजवी असावा लागेल, आणि तो वाजवी आहे की नाही याचा निर्णय न्यायालय करील.

१६/
‘वाजवी’ म्हणजे काय, याचा मापदंड १९५२ च्या व्ही. जी. राव प्रकरणात मिळाला. कोणता हक्क आकुंचित होत आहे, निर्बंधाचा हेतू काय, ज्या अनिष्टाला आळा घालायचा ते किती मोठे आणि किती निकडीचे, घातलेला निर्बंध त्याच्या प्रमाणात आहे का, त्या वेळची परिस्थिती कशी आहे, हे सारे तपासावे लागते. उंदीर मारण्यासाठी घर जाळणाऱ्यास घर उंदरांनी भरले होते असे सांगून सुटता येत नाही.

१७/
दुसरा आक्षेप असा: कागदोपत्री कायदा नसला तरी पोलिसांना काही मोकळीक द्यावीच लागते. याचे उत्तर खडकसिंग या उत्तर प्रदेशातील माणसाच्या दारावर मिळते. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडले होते. पुराव्याअभावी सोडून दिले. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली. चौकीदार आणि शिपाई अपरात्री येत, दार ठोठावत, हाका मारत, झोपेतून उठवत. आधार होता पोलिसांच्या अंतर्गत नियमावलीतील क्रमांक २३६ चा.

१८/
डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या झडत्या घटनाबाह्य ठरवल्या. ती नियमावली कोणत्याही विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर आधारलेली नव्हती. पोलीस खात्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेल्या त्या सूचना होत्या. खात्याच्या सूचनेने नागरिकाचे दार उघडत नाही. बहुमताने पाळतीचे इतर प्रकार मात्र चालू दिले. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि शहा यांनी संपूर्ण नियमच रद्द ठरवावा असे भिन्नमत नोंदवले. चालताना सतत कोणी मागावर असेल, तर मोकळ्या रस्त्यावरचा माणूसही मोकळा नसतो, हे त्यांच्या मताचे सार.

१९/
तेच सूत्र पासपोर्टला लागले. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे वा नाकारणे हा सरकारच्या मर्जीचा प्रश्न होता. त्याविषयी मर्यादा घालणारा कायदा नव्हता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी प्रकरणात न्यायालयाने विचारले की कोणत्या कायद्याच्या आधारे नाकारता? सरकारला उत्तर नव्हते. त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. न्यायालयाने राज्य खिळखिळे केले नाही. राज्याला कायदा करण्याचे कष्ट घ्यायला लावले. आपल्या मर्यादा जाहीरपणे लिहून देण्याचे हे कष्ट टाळण्याकडेच सत्तेचा कल असतो.

२०/
मग १९७५ आले. २५ जूनच्या रात्री आणीबाणी, अटकसत्र, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण. त्या अंधारातही मुंबई उच्च न्यायालयाने जुनाच प्रश्न विचारला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील मजकूर नियंत्रकाने रोखला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि कनिया यांच्या खंडपीठाने नियंत्रकाला त्याच्याच आदेशाच्या चौकटीत उभे केले. सर्व वृत्तपत्रांकडून एकच सूर काढून घेणे हे नियंत्रकाचे काम नव्हे. सरकारशी मतभेद म्हणजे देशाला धोका नव्हे, असे त्यांनी ठणकावले. आणीबाणी कायम होती. तरी तिच्यालाही कागद दाखवावा लागला.

२१/
देशभरातील नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या अर्जांची दखल घेता येते असा कौल दिला. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही त्यांत होते. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ते जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रकरण. सरकारचे म्हणणे: कलम २१ स्थगित आहे, म्हणून जगण्याचा हक्क मागण्याची जागाच उरलेली नाही. ही १९६५ ची यादीच होती. फक्त आता यादीतून पुस्तकाऐवजी प्राण वगळले होते.

२२/
न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सुनावणीत महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी माणसाला ठार केले, तर काही उपाय आहे काय? आणीबाणी चालू असेपर्यंत न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर आले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अकरा वर्षांपूर्वी उपासमारीचे उदाहरण दिले होते ते युक्तिवादाचा फोलपणा दाखवण्यासाठी. भारत सरकार आता तशाच निष्कर्षाला आपली कायदेशीर भूमिका म्हणून मांडत होते.

२३/
२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने सरकार जिंकले. बहुमतातील न्यायमूर्ती बेग यांनी लिहिले की स्थानबद्धांची राहण्याखाण्याची व्यवस्था उत्तम असून राज्ययंत्रणा त्यांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते. येथे वर्तुळ पूर्ण होते. १९६५ मध्ये स्थानबद्धाच्या ताटातील अन्न हा त्याचा न हिरावलेला हक्क होता. १९७६ मध्ये तेच अन्न सरकारची माया ठरले. माया आटली तर काय, हा प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही.

२४/
विरोधात होते एकटे न्यायमूर्ती खन्ना. त्यांचे म्हणणे असे की जीवित आणि स्वातंत्र्य ही कलम २१ ने दिलेली देणगी नाही. ते कलम लिहिले जाण्यापूर्वीही कायद्याच्या आधाराविना कोणाचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला नव्हता. या मताची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

२५/
चूक दुरुस्त व्हायला वेळ लागला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ यांसाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही, अशी तरतूद केली. निकाल मात्र २४ ऑगस्ट २०१७ पर्यंत पुस्तकात तसाच होता. त्या दिवशी खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्दबातल ठरवला. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव. मधली एकेचाळीस वर्षे देशाने ही चूक बाळगली.

२६/
हा एका पक्षाचा दोष आहे असे मानून सुटका करून घेणाऱ्यांसाठी १९७७ चे उदाहरण. आणीबाणीविरुद्ध कौल घेऊन जनता पक्ष सत्तेवर आला. काही महिन्यांतच त्या सरकारने मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘जनहितार्थ’ जप्त केला; कारणे विचारली तर ती सांगणेही ‘जनहितार्थ’ नाकारले. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की स्वातंत्र्य हिरावण्याची नुसती कार्यपद्धती पुरेशी नाही. ती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. सत्तेवरचे लोक बदलले होते. ‘कारण विचारू नका’ ही भाषा तशीच होती.

२७/
अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ होते. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ होईल असा मजकूर पाठवणे त्या कलमाने गुन्हा ठरवला होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. कोणाची गैरसोय होणे, हे कारण १९(२) च्या यादीत नाही.

२८/
तरी शेवट झाला नाही. रद्द झालेल्या ‘६६ अ’ खाली पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त करावे लागले. मेलेले कलम सहा वर्षे माणसांना पोलीस ठाण्यात बोलावत होते. न्यायालयाचा निकाल ठाण्याच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो तेथे नेणारा नागरिक लागतो, वकील लागतो, आणि विचारण्याची सवय लागते.

२९/
ती सवय या समाजाने गमावत आणली आहे, ही खरी तक्रार आहे. सभा, मोर्चा, नाटक, पुस्तक, भिंतीवरचे चित्र, काहीही समोर आले की पहिला प्रश्न येतो: ‘परवानगी आहे का?’ हा प्रश्न विचारणारे बहुधा सरकारी नसतात. शेजारी, सभागृहाचे व्यवस्थापक, छापखान्याचे मालक असतात. ‘वरून आदेश आहे’ एवढ्यावर माणसे परततात. आदेश कोणाचा, कोणत्या कायद्याखाली, हे विचारणारा उद्धट ठरतो. १९६५ साली न्यायालयाने फेटाळलेला युक्तिवाद समाजाने आपणहून स्वीकारला आहे.

३०/
राज्यघटनेने नागरिकाच्या हाती तीन साधे प्रश्न दिले आहेत. हा निर्बंध कोणत्या कायद्याने घातला? त्या कायद्याचे कारण घटनेने मान्य केलेल्या कारणांत बसते काय? आणि अनिष्टाच्या मानाने निर्बंध बेताचा आहे काय? वाहतुकीचा नियम, साथीच्या काळातील विलगीकरण, चिथावणीवरची बंदी या तिन्ही प्रश्नांना उत्तर देऊ शकतात. ज्या निर्बंधापाशी उत्तर आहे, त्याला प्रश्नाची भीती नसते.

३१/
उलट बाजूने विचारला जाणारा ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला?’ हा प्रश्न सरकारलाही विचारता येतो. संझगिरी यांच्या पुस्तकात लपवण्यासारखे काही नव्हते. तरी ते अडले. निरुपद्रवी माणसाला निर्बंधाचा उपद्रव होत नाही, हा समज त्या हस्तलिखिताने खोटा ठरवला आहे. मर्जीवर चालणाऱ्या अधिकाराला अपराधी लागत नाही. अर्ज घेऊन आलेला कोणीही पुरतो.

३२/
निकालाने संझगिरी सुटले नाहीत. स्थानबद्धतेला तेथे आव्हानच नव्हते. दार बंदच राहिले. न्यायालयाने एवढेच ठरवले की भिंतीच्या आत डांबलेल्या माणसाचेही, कायद्याने जे काढून घेतलेले नाही, ते त्याचेच असते. बाहेर मोकळ्या हवेत फिरणाऱ्या माणसाची स्थिती त्याहून वाईट असू शकत नाही. पुढच्या वेळी कोणी ‘याची परवानगी कोठे लिहिली आहे?’ असे विचारले, तर त्याला नम्रपणे उलट विचारावे: ‘मनाई कोठे लिहिली आहे?’

(समाप्त)